भाऊच्या टँकरवरचे डाग

भाऊ, दारावर येणाऱ्या बायका मला एकच विचारत होत्या. "शेवटलं काय बोलना व तुन्हा भाऊ?" मी प्रत्येकीला वेगळं सांगितलं. एकीला म्हटलं, आखाजीला लवकर ये म्हणाला. दुसरीला म्हटलं, आपल्या आईच्या, अक्काच्या, गुडघ्याचं बोलला. तिसरी फारच रडत होती, तिला वाटेल ते सांगून टाकलं, तिचं समाधान झालं. पदर डोळ्याला लावून बसलेल्या त्या बायांना मी कसं सांगणार होते, की माझा भाऊ माझ्याशी शेवटचं बोलला ते अंतराळातल्या पाण्याच्या टँकरबद्दल?

बुधवारी तुझा फोन आला. "शैले, टँकरले केळीना चीक लाई दिन्हा शे. शनवारले ये नि थांबाड. नहीतं पहिलासारखा कोळसा व्हई जाई." मी म्हटलं, येते, आणि तू व्हॉल्व्हखाली ओघळ काढला असशील तर बघच. तू हसलास आणि फोन ठेवलास. शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा मी नरडाण्याला कंपनीत संगणकासमोर एका पंपाचं ड्रॉइंग करत होते. तू गेलास असं त्या सांगताहेत हे मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी अर्धवट रेघ पूर्ण केली, फाईल सेव्ह केली आणि मग उठले. माणूस असं का वागतं, मला माहीत नाही. तुला माहीत असतं. तू मराठीचा प्राध्यापक, माणसांचं सगळं तुला माहीत असायचं.

त्या दिवसांतच, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, अक्काने मला हात धरून तुझ्या खोलीत नेलं. अमळनेरच्या त्या घरातली ती मागची खोली, जिच्यात पुस्तकांपेक्षा प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे जास्त आहेत. टेबलावर आपला खेळण्याएवढा टँकर होता. त्याच्या खालचा वर्तमानपत्राचा कागद पंख्याने फडफडत होता. अक्का म्हणाली, "हाई लई जाय. तुन्हं काम बाकी शे ना यामा." रडली नाही. तिचं रडणं झालं होतं किंवा सुरू व्हायचं होतं. मग सुतक संपतं त्या दिवसाचं बोलली. "गंधमुक्तीले त्याना फोटूजोडे मांडसूत. काळं नको पडू दे."

हे शेवटचं वाक्य तिने म्हटलं आणि त्या क्षणापासून मला झोप नाही.

आपल्याला ओळखणाऱ्यांना वाटायचं की भाऊ-बहीण दोघंही वेडे. पण आपलं वेड एक नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला ही छोटी अंतराळयानं बांधायला आवडायचं. माप, जोड, काटकोन. तुला मळवायला आवडायचं. कोरं-करकरीत यान तुझ्या पुढ्यात आलं की तुझे डोळे चमकायचे, जसे लहानपणी शेजाऱ्यांच्या नव्या रंगवलेल्या भिंतीपाशी चमकायचे. तू म्हणायचास, "मळल्याशिवाय खरं वाटत नाही गं. माणसं राहिलेली दिसली पाहिजेत." आणि मी म्हणायचे, इतके दिवस मी घासून घासून गुळगुळीत केलं ते काय तू चिखल फासावा म्हणून?

दरवर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी धुळ्याहून माहेरी यायचे आणि आपण चोपड्याकडच्या मळ्यात जायचो. गावातल्या सगळ्या माहेरवाशिणी लिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणत असायच्या आणि मी ओट्यावर बसून यानांसाठी ठिबक सिंचनाच्या नळीचे तुकडे करत असायचे. अक्का कपाळाला हात लावायची. "बठ्ठ्या पोरी झोकावर शेतस, नि तू आठे नळ्या कापी ऱ्हायनी! लोके काय म्हनतीन?" तू तिला सांगायचास, अक्का, हिचा झोका जरा लांब जातो, एवढंच.

आपल्या पहिल्या यानावर तो चीक सांडला तो अपघातानेच. तू केळीचा घड कापून आलास आणि हात न धुता यान उचललंस, पंखावर दोन थेंब पडले. काही दिसेना, म्हणून आपण विसरलो. मी धुळ्याला परतले आणि काही दिवसांनी तुझा फोन, "शैले, यानाला गंज चढलाय! खरा गंज! ये बघायला!" केळीच्या चिकाने कपड्यांची वाट लागते हे केळीच्या मळ्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. माझे किती फ्रॉक गेले त्यात. पण तोच डाग राखाडी प्रायमरवर असा हुबेहूब गंजासारखा उतरेल, कडा विरलेल्या, मध्ये गडद, हे कुणाला सुचलं असतं? बाजारात मिळणारे रंग त्याच्यापुढे खोटे दिसायचे.

मग आपण अतिहुशारी केली. पुढच्या आखाजीला तू मुद्दाम चीक लावलास. पाण्यासारखा पारदर्शक, लावला की नाही तेही समजेना. तू म्हणालास, कमी झाला. अजून लावला. मग मी म्हटलं, इकडे राहिलं बघ. तिकडेही लावला. चीक लगेच दिसत नाही, दिवसांमागून दिवस गडद होत जातो, हे आपल्याला पंखावरच्या दोन थेंबांनी शिकवलं होतं आणि तरीही आपण शिकलो नव्हतो. पंधरवडा उलटेपर्यंत ते यान चुलीवरच्या तव्याइतकं काळं झालं. इतक्या महिन्यांचं काम. मी रडले होते, आठवतं? आणि तू त्याला वाळूच्या ताटात तिरकं खोचून ठेवलंस आणि खाली चिठ्ठी लावलीस, 'अपघातग्रस्त'. त्यावर मी आणखी चिडले.

त्यातून आपला नियम ठरला. चीक तू लावायचास. मग रोज बघत राहायचं. आणि डाग जिथे हवा तिथे आला की वरून मॅट वॉर्निशचा फवारा मारायचा, म्हणजे हवा लागायची थांबते आणि चीकही थांबतो. तो फवारा मी मारायचा. कारण तुझ्याच्याने ते व्हायचं नाही. तुला नेहमी आणखी एक दिवस हवा असायचा. "उद्या बघ, उद्या आणखी छान होईल." मळवणं तुझं, थांबवणं माझं. मी आले नाही तर तू नुसता बघत बसायचास आणि डाग वाढत राहायचा.

म्हणून तू म्हणाला होतास, शनवारी ये नि थांबव.

टँकर ही कल्पना तुझीच. मी म्हटलं होतं, लढाऊ यान करू, सगळे तेच करतात, लोकांना कळतं. तू म्हणालास, "लढाईची यानं पुष्कळ झाली. चंद्रावर माणसं राहायला गेली तर तिथे पहिल्यांदा काय लागेल? पाणी. म्हणजे टँकर." मग गोल पिंप, त्याला तीन इंजिनं, पोटाला ठिबकचे जोड, पाइपांचं जाळं, बाजूला शिडी. शिडीशेजारी उभा केला तर माणूस तांदळाच्या दाण्याएवढा. पिंपावर तू ब्रशच्या एका केसाने अक्षरं काढलीस, 'पिण्याचे पाणी', अगदी आपल्याकडच्या टँकरवर असतात तशी, शेवटचा 'णी' जागा न पुरल्याने दाटीवाटीने बसलेला. तो तू मुद्दाम तसा बसवला होतास. मी दोन दिवस बोलले नाही, मग हसू आलं.

आणि आपलं ते भांडण, जे मिटलंच नाही. व्हॉल्व्हमधून गळून ओघळ खाली आलेला दाखवायचा की नाही? मी म्हणत होते, भाऊ, अंतराळात खाली कुठे असतं? ओघळ यायला वजन लागतं. पाणी गळलं तर त्याचा गोळा होईल, वाफ होईल, बर्फ होईल, ओघळ होणार नाही. तू म्हणायचास, "टँकर गावात उतरतो की नाही? उतरला म्हणजे खाली आहेच. बायका हंडे घेऊन उभ्या आहेत खाली." मी म्हणायचे, चंद्रावर? तू म्हणायचास, "चंद्रावरच्या बायका. नळ गळतो तसाच तिथेही गळणार, माणसंच बनवणार ना ते?" मला राग यायचा. तुझ्याशी भांडताना नेहमी हेच व्हायचं, मी बरोबर असायचे आणि तू जिंकायचास.

मी टँकर खोक्यात घालून धुळ्याला आणला. कपाटावर ठेवला. तेव्हा डाग जेमतेम दिसत होते, पातळ चहा सांडल्यासारखे. व्हॉल्व्हपाशी मी भिंग धरलं. आणि अर्थातच तू ओघळ काढला होतास! सरळ खाली, पिंपाच्या गोलाईवरून वळून, पोटापर्यंत. ऐकलं नाहीस. शेवटपर्यंत ऐकलं नाहीस. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून हसले आणि मग तिथेच बसून रडले. तुझा मेहुणा संजय धावत आला, त्याला वाटलं भाजलं.

पण त्यानंतरचे दिवस, भाऊ, मी तुला काय सांगू. मला दुःख करायलाही फुरसत मिळाली नाही, इतकी भीती वाटत होती. सकाळी उठल्या उठल्या मी कपाटापाशी. ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी कपाटापाशी. मोबाइलवर फोटो काढायचे आणि कालच्या फोटोशी ताडून बघायचे. पण कालचा फोटो ट्यूबलाइटमधला, आजचा खिडकीतल्या उजेडातला, काही कळायचं नाही. चहाचा रंग गेला, गुळाचा आला. वाढतोय. किती वाढणार? तू किती चीक लावला होतास? कमी लावलास की तुझ्या सवयीने 'अजून थोडा, अजून थोडा' करत बसलास? विचारायला तू नव्हतास. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, "मला काय माहीत ताई, त्या खोलीत गेले की दार लोटून घ्यायचे. बोटं तर त्यांची बाराही महिने काळी."

बोटं. आणि मग मला आठवेना. शेवटचं दर्शन घेताना तुझी बोटं मी पाहिली होती का? काळी होती का? मी पाय धरून बसले होते, हाताकडे पाहिलंच नाही. या एका गोष्टीने मला दोन रात्री छळलं.

संजय म्हणाला, "मार ना फवारा एकदाचा. डबा आणलाय ना?" डबा आणला होता. टेबलावरच होता. मी सांगितलं, उन्हात फवारा हवेतच वाळतो, पीठ होऊन बसतो, पांढरं पडेल सगळं. ते खरंच आहे, उन्हाळ्यात आपण पहाटेच मारायचो. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, पहाटे मार. मी म्हटलं, सुतकात रंगकाम नको. त्याने बोटांवर दिवस मोजले. लग्न झालेल्या लेकीला सुतक किती असतं हे त्यालाही ठाऊक होतं, ते केव्हाच संपलं होतं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, वारा आहे. वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही, तुला सांगते. तो डाग रोज बदलत होता. तू गेल्यावर तुझं म्हणून जे काही होतं ते सगळं थांबलं होतं. तुझा फोन बंद झाला, तुझा चष्मा डबीत गेला, कॉलेजने तुझे तास दुसऱ्यांना वाटून दिले. फक्त हा डाग चालू होता. तू बुधवारी लावलेला हात अजून काम करत होता. सकाळी उठून पाहावं तर रात्रीतून तू थोडं पुढे गेलेला. असा डाग मी कुठल्या तोंडाने थांबवू? आणि नाही थांबवला तर तुझं शेवटचं काम माझ्या डोळ्यांदेखत काळं ठिक्कर पडणार. अक्काने एवढंच तर मागितलं होतं.

मग मी मूर्खपणा केला. मला वाटलं, थांबवू नये, पण धीमं तरी करावं. टँकर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, हवा काढली आणि फ्रीजमध्ये ठेवला. कोथिंबिरीच्या शेजारी. सकाळी संजयने दूध काढायला फ्रीज उघडला आणि त्याने मला हाक मारली ती हाक मी विसरणार नाही. "शैला, तुझ्या भावाला घाम आलाय."

पिशवीत सगळीकडे थेंब. पिंपावर थेंब, शिडीवर थेंब, तुझ्या अक्षरांवर थेंब. मी पिशवी फाडली, टिपकागद शोधला, एकेक थेंब टिपत गेले, श्वाससुद्धा रोखून. अक्षरं वाचली. शिडी वाचली. पण व्हॉल्व्हपाशी एक थेंब मला चुकवून खाली निघाला, तुझ्या ओघळातून गेला आणि जाताना त्याने थोडासा रंग बाजूला नेला. तुझ्या सरळ ओघळाला एक मिशी फुटली. मी कागद घेऊन तशीच उभी. पुसायला गेले तर सगळंच जाईल, म्हणून हात मागे घेतला. तेवढी मिशी माझी, भाऊ. तुला दाखवली असती तर तू म्हणाला असतास, "बघ, खाली असतं की नाही?"

संजयने मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, "तू याला सांभाळते आहेस की मारते आहेस?" मी चिडून बोलले त्याला. नंतर कळलं, त्याचं बरोबर होतं.

एक गोष्ट तुला कधीच सांगितली नाही. नरडाण्याच्या नोकरीचा इंटरव्ह्यू. घर-संसारात माझी कित्येक वर्षं गेली होती आणि समोरचे साहेब माझा कागद उलटसुलट करत विचारत होते, मधली वर्षं तुम्ही काय केलं? घाबरून मी मोबाइल काढला आणि आपल्या यानांचे फोटो दाखवले. ते दोघं-तिघं मान खाली घालून बघत बसले. एकाने विचारलं, हा जोड कसा बसवला? हे माप कसं काढलं? मी सांगत गेले. नोकरी मिळाली. तुला फोन केला तेव्हा मी एवढंच म्हटलं, मिळाली. तू म्हणालास, मिळणारच होती. ती आखाजीतल्या नळ्यांनी मिळवून दिली, हे म्हणायचं राहून गेलं. पुढे म्हणू, आपल्याला काय घाई, असं वाटत राहिलं.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी मी खोकं मांडीवर घेऊन अमळनेरच्या बसमध्ये बसले. फवाऱ्याचा डबा पर्समध्ये. डाग आता जुन्या गुळासारखा झाला होता, कडा अजून पातळ होत्या, मधला भाग दाट. इतका सुंदर डाग आपण कधी काढला नव्हता. नेमका थांबवण्याचा क्षण तोच होता, मला दिसत होतं. उद्या त्याच्या पुढे जाईल. बस खड्ड्यात आदळली की मी खोकं छातीशी वर उचलायचे. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "देवनं काही शे का माय?" मी म्हटलं, हो. त्यांनी पाय आखडून मला जागा करून दिली.

संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनी पाटावर तुझा फोटो पुसत होत्या. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि लगेच मान वळवली. "छान झालंय," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा तीच काच पुसू लागल्या.

पहाटे सगळे निजलेले असताना मी गच्चीवर गेले. वर्तमानपत्र पसरलं, टँकर ठेवला, डबा हलवला. आतली गोळी खडखडली. खूप वेळ खडखडवत राहिले, नियमापेक्षा जास्त. वारा नव्हता. ऊन नव्हतं. एकही सबब उरली नव्हती आणि माझं बोट खाली जाईना.

जिन्यात आवाज आला. अक्का. तिच्या त्या गुडघ्यांनी ती एकेक पायरी बसत बसत चढली होती. मी धरायला गेले तर तिने हात झटकला. टँकरपाशी येऊन खाली बसली आणि त्या ओघळाजवळ डोळे नेले. मग तिने विचारलं, "हाऊ डाग रोज वाढस का?"

"हां, अक्का."

"आजबी वाढी?"

"वाढी. फवारा नही मारा ते वाढत जाई."

कुठेतरी मंदिराचा भोंगा सुरू झाला होता. मग तिने माझा डब्याचा हात धरला, घट्ट. "शैला, आजून एक दिन ऱ्हाऊ दे ना. एक दिन वाढू दे त्याले."

भाऊ, इतके दिवस मी हेच तर करत होते. दुसरं कुणी असं म्हणावं म्हणून मी धडपडत होते आणि आता आपली आईच म्हणत होती. किती सोपं होतं हो म्हणणं. खोकं बंद करायचं, खाली जायचं, दोघींनी मिळून उद्या पुन्हा बघायचं. आणि परवा पुन्हा. तिचं तोंड मी पाहिलं. तीही रोज सकाळी बघत बसणार होती, माझ्यासारखीच, आणि एक दिवस तिच्यासमोर तो काळा होणार होता.

"नही अक्का," मी म्हटलं. "आते नही वाढू देवाव."

तिने मला धरून ठेवलं. मी वाट पाहिली. मग तिची बोटं सैल झाली आणि तिने दोन्ही तळवे टँकरच्या बाजूला आडवे धरले, वारा नसताना वाऱ्याला आडोसा करावा तसे. मी फवारा मारला. एक हात डावीकडून उजवीकडे, मग उलट, मग खालून, तू शिकवलं नव्हतंस, मीच शिकले होते, तरीही तू मागे उभा असल्यासारखा. ओल्या वॉर्निशने तो ओघळ क्षणभर चकाकला, आता गळाला असावा तसा. मग चकाकी हळूहळू आत गेली. सगळा टँकर एकसारखा मंद झाला. तुझा ओघळ जिथे होता तिथे राहिला.

अक्काने हात काढले नाहीत. तिच्या तळव्यांवर वॉर्निश बसलं होतं, बोटं एकमेकांना चिकटत होती.

"व्हयनं काम?" तिने विचारलं.

"व्हयनं, अक्का."